माळव्याची अफू आणि वेदनेचे औषध

माळव्यात चार-पाच पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबांना अफूचे पीक अपरिचित नाही. मंदसौर, नीमच, रतलाम या पट्ट्यातून माघ-फाल्गुनात आगगाडीने प्रवास करणाऱ्याला दोन्ही बाजूंस पांढऱ्या फुलांची शेते दिसतात. फुलांच्या पाकळ्या गळाल्या की हिरवी बोंडे उरतात. माळवी शेतकरी त्यांना डोडा म्हणतो. दुपारच्या उन्हात डोड्याला उभा चीरा द्यायचा, रात्रभर त्यातून दूध पाझरू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ते तपकिरी झालेले दूध खरवडून गोळा करायचे, अशी ही जुनी पद्धत. एकाच डोड्याला दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे अनेक चीरे दिले जातात. दूध निघून गेल्यावर आत उरते ती आपल्या अनारशांवरची खसखस.

या पिकाच्या व्यापाराविषयी आणि व्यसनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु अफूचे मूळ प्रयोजन वेदनाशमन हे होते, आणि त्या दृष्टीने माळव्याचा इतिहास क्वचितच पाहिला जातो. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, शासकीय सेवेत आयुष्य गेलेला माणूस आहे. तेव्हा औषधयोजनेचा उपदेश येथे अपेक्षित नाही. शेतातल्या त्या दुधापासून रोग्याच्या उशाशी असलेल्या गोळीपर्यंतचे अंतर इतके लांब कसे झाले, एवढाच प्रश्न येथे आहे.

प्रथम वेदनेविषयी. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत ते पाहावे. पोटात कळ येते, मुरडा येतो, गळू ठणकते, ठसठसते, दातात सणक जाते, डोके भणभणते, पाठीत उसण भरते, पोटरीत पेटका येतो, हातापायाला मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, तळपायांची आग होते, मांडीत रग लागते, तापात अंग मोडून येते. या शब्दांना समानार्थी मानण्याची चूक कोणतीही आजी करणार नाही. पाय ठणकतो म्हटले की ती एक करील आणि पायाला मुंग्या येतात म्हटले की दुसरेच काही करील.

आश्चर्य हे की आधुनिक वैद्यकाने वेदनेचे जे प्रकार पाडले, ते बऱ्याच अंशी या शब्दांच्या वाटेनेच जातात. जखम, सूज, मोडलेले हाड यांत इजा झालेल्या जागेकडून मज्जातंतूंवाटे मेंदूकडे वर्दी जाते. ठणका आणि ठसठस ही त्या जातीची. आतड्यांची, मूत्रमार्गाची किंवा गर्भाशयाची वेदना जागा नेमकी दाखवू देत नाही, लाटेसारखी येते आणि जाते. तिला कळ आणि मुरडा हेच शब्द साजतात. तिसरी जात मज्जातंतूंनाच इजा झाल्याची. मधुमेहातील तळपायांची आग, नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेली जळजळ, चेहऱ्याच्या अर्ध्या भागात विजेसारखी जाणारी चमक ही सर्व तिच्यात मोडतात. येथे वर्दी देणारी तारच बिघडलेली असते. म्हणून साधी वेदनाशामक गोळी या जातीवर फारशी चालत नाही आणि फेफरे किंवा उदासीनता यांवरची म्हणून निघालेली औषधे उपयोगी पडतात. चेहऱ्याच्या त्या चमकेवर कार्बामाझेपिन १९६२ पासून वापरात आले. पुढे अमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन यांची भर पडली. २०१७ साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आणखी एक जात अधिकृतपणे मानली. तिच्यात ऊतींची इजा सापडत नाही आणि तंतूही शाबूत असतात, पण वेदनेची जाणीव करून देणारी यंत्रणाच हळवी झालेली असते. ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे ऐकत वर्षे काढलेल्या पुष्कळ स्त्रियांना, उशिरा का होईना, हा न्याय मिळाला.

रोग्याचे शब्द हे निदानाचे साधन आहे ही जाणीव सुश्रुतसंहितेतही दिसते. व्रणांच्या वेदनांचे तेथील वर्णन तोदन, भेदन, छेदन, ताडन असे टोचण्या-फोडण्याच्या क्रियांनी केलेले आहे. पाश्चात्त्य वैद्यकात ही गोष्ट पद्धतशीरपणे केली ती कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी. १९७५ साली त्यांनी वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. याच मेल्झॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासमवेत १९६५ साली मांडलेला सिद्धांत असा की, मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि ते उघडे-मिटे होण्यावर वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत किती पोचावी हे ठरते. कोपर आपटले की आपण ते चोळतो. त्या चोळण्याने दुसऱ्या तंतूंची वर्दी आत शिरते आणि ते दार थोडे मिटते. सिद्धांताच्या तपशिलांत पुढे सुधारणा झाल्या. शेक देणारी, लेप लावणारी, पाय चेपणारी आपली घरगुती रीत अगदीच निराधार नव्हती, एवढे मात्र त्यातून निघाले.

आता अफूकडे येऊ. चरक-सुश्रुतांना अफू ठाऊक नव्हती. शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास मद्य द्यावे असे सुश्रुताने सांगितले आहे, अफू द्यावी असे नव्हे. ग्रीकांचे ‘ओपिऑन’ अरबांच्या मुखी ‘अफ्यून’ झाले आणि अरब व्यापाराबरोबर आपल्याकडे आले. संस्कृत पंडितांनी त्याचे ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, असे रूप करून घेतले. शारंगधरसंहितेत, म्हणजे मध्ययुगात, ते औषध म्हणून दिसू लागते. गोव्याच्या वाचकांना येथे गार्सिया द ओर्ता याचे स्मरण व्हावे. या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि त्यात अफूवर स्वतंत्र प्रकरण आहे. ओर्ता मूळचा यहुदी कुळातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

अफू घरोघरी होती ती मुख्यतः तीन कारणांसाठी: हगवण, खोकला आणि दुखणे. आतड्यांची हालचाल ती मंदावते, खोकल्याची उबळ दाबते आणि वेदना बोथट करते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९३ ते १८९५ या काळात, ब्रिटिश सरकारने नेमलेल्या अफू आयोगापुढे हिंदुस्थानभरच्या साक्षी झाल्या. त्यांत, जेथे डॉक्टर नाही तेथे अफू हेच घरचे औषध, असे पुनःपुन्हा सांगितले गेले. या आयोगाचा कल व्यापार चालू ठेवण्याकडे होता असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला, आणि तो निराधार म्हणता येत नाही. परंतु साक्षीदारांचे ते म्हणणे खोटे नव्हते. याच घरगुतीपणाची काळी बाजू म्हणजे बाळागोळी. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवून निजवून जात. पोटासाठी कामावर जाणाऱ्या आईला दुसरा उपाय नव्हता हे खरे, आणि त्या गोळीने काही मुले कायमची निजली हेही खरे.

व्यापाराचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण कायद्याची मुळे त्यात आहेत. बंगालची अफू १७७३ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्यात होती; माळव्याची मात्र होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकत असे आणि कंपनीच्या हाताबाहेर होती. उज्जैन-इंदूरचे सावकार ती विकत घेत, आणि राजपुताना-सिंधमार्गे कराचीस किंवा गुजरातेतून पोर्तुगीजांच्या दमणास नेऊन तेथून चीनला पाठवीत. या दमणच्या व्यापारात रोजेरिओ द फारिया हा गोमंतकीय व्यापारी अग्रभागी होता. महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि माळव्यात इंग्रजांचा शब्द चालू लागला, तरीही अफू त्यांच्या मुठीत आली नाही. १८२० नंतरच्या दशकात त्यांनी होळकरांसह अनेक संस्थानिकांशी लागवड आटोक्यात ठेवण्याचे करार केले. शिंद्यांनी तसला करार पत्करला नाही. शेतकरी, सावकार, बैलगाड्यांचे वंजारी, लहानमोठे ठाकूर या साऱ्यांचा त्यात जीव गुंतला होता. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि पेटीमागे १७५ रुपये घेऊन मुंबईस नेण्याचा परवाना देण्याची पद्धत सुरू केली. व्यापारी चुकवू लागले म्हणून १८३५ मध्ये हा आकार १२५ वर आला. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि मग तो वाढत वाढत १८४७ मध्ये ४०० रुपयांवर गेला. राजनीती आणि जकात यांचा संबंध इतका उघडा क्वचितच दिसतो.

या पैशातून मुंबई उभी राहिली असे म्हणण्याचा प्रघात आहे. एक गोष्ट मात्र आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. माळव्याच्या अफूच्या व्यापारात मोठे झालेले सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजसह सुरू झाले. त्या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून पुढे भाऊ दाजी लाड यांच्यासारखा गोव्यातील मांद्रे गावचा विद्वान बाहेर पडला. चीनमधल्या व्यसनी माणसाच्या खिशातले रुपये मुंबईत रोग्यांच्या खाटा होऊन परत आले.

इकडे हे चालले असताना तिकडे जर्मनीत एक वेगळीच घटना घडून गेली होती. पाडेरबॉर्न गावच्या औषधालयातील फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या विशी ओलांडलेल्या साहाय्यकाने १८०४-०५ च्या सुमारास अफूतून एक पांढरे स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. अफूचा गुण कमीजास्त होतो, एकदा दिलेली मात्रा लागू पडते आणि दुसऱ्यांदा पडत नाही, या त्रासातून त्याचा हा शोध निघाला. १८१७ मध्ये त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर त्याचा प्रयोग केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मात्रा इतकी जास्त झाली होती की व्हिनेगर पाजून ओकारी काढावी लागली. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याने या द्रव्याला नाव दिले. तेच आजचे मॉर्फिन. १८२७ पासून डार्मस्टाटच्या मर्क यांनी त्याचे उत्पादन सुरू केले आणि १८५३ साली एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईच्या पिचकारीने ते कातडीखाली टोचले. मोजून देता येणारे वेदनाशामक जगाला प्रथमच मिळाले. १८३२ मध्ये अफूतूनच कोडीन निघाले. मॉर्फिनपासून बनवलेले हेरॉइन बायर कंपनीने १८९८ मध्ये खोकल्याचे औषध म्हणून विकायला आणले. त्याचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे.

त्याच कंपनीने पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, ॲस्पिरिन बाजारात आणले. त्याचे मूळ विलो नावाच्या झाडाच्या सालीत आहे. ही साल तापावर चालते असे एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने १७६३ मध्येच लिहून ठेवले होते. पॅरासिटॅमॉलची कथा याहून विलक्षण. ते १८९३ मध्येच रोग्यांना देऊन पाहण्यात आले होते, पण गैरसमजामुळे बाजूला पडले आणि १९४८ नंतरच त्याचा खरा गुण उमगला. आज घराघरांत असलेल्या गोळ्या त्या याच घराण्यांतल्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सूज उतरवून दुखणे कमी करतात. मूत्रपिंड आणि जठर यांना त्यांचा जाच होतो. पॅरासिटॅमॉल सुजेवर विशेष चालत नाही, जठराला सोसते, पण जास्त झाले तर यकृताचा घात करते. आपल्या वयाच्या वाचकांनी गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने आपल्या मनाने पहिल्या प्रकारच्या गोळ्या घेणे किती महाग पडते, हे डॉक्टरांकडून जाणून घ्यावे.

शस्त्रक्रियेच्या वेदनेचा इतिहास वेगळा आहे, पण हैदराबादकरांसाठी त्यातील एक प्रकरण सांगितलेच पाहिजे. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले आणि त्याबरोबर टेबलावर अचानक येणारे मृत्यूही आले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद विलायतेत पेटला. तेव्हा निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन चौकशी आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून सर लॉडर ब्रंटन आले. श्वासावर लक्ष ठेवले तर हृदयाची भीती नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९११ मध्ये लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येतो हे दाखवले. तरी त्या कामात भाग घेतलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांना जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये मान आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

असो. चीनशी १९०७ मध्ये झालेल्या समझोत्यानंतर त्या देशाकडे जाणारी अफू टप्प्याटप्प्याने कमी होऊन १९१३ मध्ये थांबली. माळव्यातील लागवड आक्रसली, पण बंद झाली नाही. स्वातंत्र्यानंतर हे सारे केंद्र सरकारच्या नियंत्रणाखाली आले. नार्कोटिक्स आयुक्तांचे मुख्यालय १९६० मध्ये सिमल्याहून ग्वाल्हेरला हलले आणि आजही तेथेच आहे. गाझीपूरचा जुना कारखाना आणि नीमचचा कारखाना ही शासनाची दोन केंद्रे. अफूतून मॉर्फिन, कोडीन इत्यादी अल्कलॉइडे काढण्याचा विभाग नीमचला १९७६ मध्ये सुरू झाला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीनच राज्यांत ठरावीक जिल्ह्यांत लागवडीचा पट्टा मिळतो. पूर्वी हेक्टरी अफूचे वजन पाहत. आता अफूतील मॉर्फिनचे प्रमाण पाहतात, आणि हेक्टरी ४.२ किलो ही मर्यादा गाठणाऱ्यास पुढला पट्टा मिळतो. २०२१-२२ पासून चीरा न देता डोडा तसाच सरकारला देण्याचीही योजना आहे.

१९९० च्या सुमारास माझी नेमणूक मंदसौर जिल्ह्यात होती. नीमच तेव्हा त्याच जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. चैत्रात अफूच्या तोलाच्या जागी गावोगावचे शेतकरी डब्यांतून माल घेऊन रांगेने बसलेले असत. गावाचा लंबरदार नाव पुकारी, शेतकरी डबा पुढे सरकवी, आणि अधिकारी बोटांनी मालाची घट्टी पाहून प्रत ठरवी. दहा-दहा आरींचे पट्टे ते. पण पट्ट्यावर घराची पत असे, मुलीचे लग्न असे. वजन कमी भरले तर पट्टा जाई, आणि जास्त भरलेले चोरवाटेने गेले तर माणूस तुरुंगात जाई. त्या रांगेतल्या चेहऱ्यांवर जी चिंता असे, ती मी दुसऱ्या कोणत्याही पिकाच्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या आत्याबाई उज्जैनला अंथरुणाला खिळल्या. स्तनाचा कर्करोग पाठीच्या मणक्यांत उतरला होता. बाई सोशिक, नऊवारी नीट नेसल्याशिवाय वैद्याच्याही समोर न येणाऱ्या. शेवटच्या दोन महिन्यांत त्या कूस बदलायला नको म्हणत. हाडातून कोणी तापलेली सळई फिरवतो आहे असे म्हणत, आणि रात्री तोंडात पदराचा बोळा धरीत, शेजारच्या खोलीत निजलेल्या नातवंडांना ऐकू जाऊ नये म्हणून. डॉक्टर भले होते. पेन्टाझोसीनचे इंजेक्शन देत. ते दोन-तीन तास पुरे. मॉर्फिनच्या गोळ्यांविषयी मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, त्या येथे मिळत नाहीत. मुंबईला टाटामध्ये मिळतील. आमचा परवाना कधीच संपला आहे.”

मी स्वतः शासनाच्या सेवेत असल्यामुळे परवाना का संपला हे कागदांवरून समजून घेऊ शकलो. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा त्या वर्षी १४ नोव्हेंबरला अमलात आला. त्यात शिक्षा जबर होत्या, किमान दहा वर्षांच्या कैदेपर्यंत. वैद्यकीय वापराला कायद्याने बंदी मुळीच नव्हती, परंतु नियम करण्याचे काम राज्यांवर सोडले होते आणि राज्यागणिक नियम वेगळे होते. रुग्णालयाला बाळगण्याचा परवाना, आयातीचा परवाना, ज्या राज्यातून माल यायचा त्या राज्याचा निर्यात परवाना, वाहतुकीचा परवाना असे कागद वेगवेगळ्या टेबलांवरून निघत आणि ते सर्व एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत उलटेपर्यंत दुसरा हाती येई. कुणी जाणूनबुजून अडवणूक करी असे मी म्हणणार नाही. ज्या फाईलवर सही केल्याने काही मिळत नाही आणि चूक झाल्यास नोकरी जाते, ती फाईल कोणत्याही कार्यालयात सर्वांत खाली जाते, हा माझा तीन दशकांचा अनुभव आहे. औषध दुकानदारांनी गोळ्या ठेवणेच बंद केले. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर या कायद्यानंतरच्या बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला आणि १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोंवर आला. नीमचच्या कारखान्यातून माल परदेशी जात होता, आणि उज्जैनमध्ये आत्याबाई पदर चावीत होत्या. हे अंतर आगगाडीने एका दिवसाचेही नाही.

जगात याच काळात वारे उलट वाहत होते. लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करून मरणासन्न रोग्याला वेळच्या वेळी, दुखणे पुन्हा उसळण्याआधीच, तोंडावाटे मॉर्फिन देण्याची शिस्त घालून दिली. रोग्याची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची मिळून एक असते, हा त्यांचा विचार. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. खाली पॅरासिटॅमॉल-ॲस्पिरिन, मध्ये कोडीन, वर मॉर्फिन. आता ती शिडी काटेकोर नियम मानत नाहीत, शिकवण्याची सोय मानतात. पण वरच्या पायरीला पर्याय सापडलेला नाही. त्याच १९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. लुइस जोस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन काढले. देशातील हे पहिले हॉस्पिस, आणि त्याची एक शाखा गोव्यात लोटली येथे आहे.

खरा मार्ग मात्र केरळने दाखवला. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. घरोघर जाणारे स्वयंसेवक, गावोगावच्या देणग्या, आणि गोळ्यांचा चोख हिशेब ही त्यांची रीत. नियम सोपे केल्यास गोळ्या व्यसन्यांच्या हाती जातील ही भीती तेथे खरी ठरली नाही. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना सोपे नियम करण्यास सुचवले. काहींनी केले, बहुतेकांनी नाही. २००७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्गच कायद्यात आला. त्यात मॉर्फिन, कोडीन, फेन्टॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे आहेत. त्यांचे नियम राज्यांकडून काढून संपूर्ण देशाला एक केले गेले. कायद्याच्या उद्देशातच वैद्यकीय वापराची सोय हे शब्द घातले गेले, ही मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

भीती अगदीच पोकळ होती असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत १९९६ नंतर ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांचा कंपन्यांनी असा प्रसार केला की साध्या पाठदुखीलाही त्या दिल्या गेल्या, आणि लाखो माणसे त्यात बुडाली. आपल्याकडे ट्रॅमाडॉलचा गैरवापर वाढल्यामुळे २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या यादीत टाकावे लागले, आणि कोडीनच्या खोकल्याच्या बाटल्या कोठे कोठे सापडतात हे वर्तमानपत्रांत वाचतोच. परंतु पाठदुखीच्या माणसाला मॉर्फिन देणे आणि मणक्यात कर्करोग उतरलेल्या बाईला न देणे, या दोन निरनिराळ्या चुका आहेत; एक टाळण्यासाठी दुसरी करण्याची गरज नाही. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने काढलेल्या हिशेबानुसार वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अशा औषधांपैकी भारतीयांच्या वाट्याला गरजेच्या केवळ ४ टक्के येत होती. कायदा बदलला तरी अशी गोळी लिहून देण्याचा सराव असलेले डॉक्टर थोडे, आणि ‘मॉर्फिन सुरू केले म्हणजे आता संपलेच’ ही नातेवाइकांची समजूत जुनीच. घरातील माणसाला उगाच नशा का द्यायची, असे म्हणणारे मुलगे मी पाहिले आहेत. दुखणे असताना मोजून, देखरेखीखाली दिलेल्या मात्रेची भीती त्यांना व्यसनाच्या भीतीइतकीच वाटते. बद्धकोष्ठ हा तिचा त्रास खरा आहे आणि त्यावरचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. हे सांगणारा कोणी लागतो, इतकेच.

नव्या नियमांप्रमाणे रुग्णालयाने अबकारी खात्याच्या अनेक टेबलांवर फिरायचे नसते. ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून नोंद करून घेण्यासाठी राज्याच्या औषध नियंत्रकाकडे एकच अर्ज करावयाचा असतो. वेदनाशमनाचे किमान प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, कुलूपबंद कपाट आणि साठ्याची नोंदवही एवढी सिद्धता लागते. आपल्या गावातील ज्या रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आपल्यापैकी कोणी बसतात, तेथे असा अर्ज झाला आहे किंवा नाही, हे पुढील बैठकीत विचारता येण्यासारखे आहे.